डाव्या चाकातलं कट्

सोमवार, ३ फेब्रुवारी

कट्.

एकदाच वाजलं. फाटकातून गाडी वळवली तेव्हा. पुढून, डावीकडून, अगदी माझ्या पायाखालून. नात चालवत होती. म्हटलं, "काय वाजलं गं?" तर म्हणे, "कुठे काय, आजी?" मागच्या सीटवर तिची आई, म्हणजे माझी सून. ती खिडकीबाहेर बघत बसलेली.

सोळा तारखेला नात याच गाडीने नोकरीच्या गावी जाणार. एकटी. चारशे किलोमीटर, मध्ये घाट. आणि म्हणते कुठे काय!

(मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून लिहिते. तिच्याबद्दलचं वाईटसाईटही तिनेच लिहायचं आणि बाहेर बोलायचं नाही, असा करार आहे. अक्षर सुरेख आहे म्हणतात. मला मेल्या मुंग्या दिसतात.)

मंगळवार, ४

पुन्हा कट्. गतिरोधकावरून तिरकी गेली तर वाजते, सरळ गेली तर गप्प. मुलाला सांगितलं. तो एक चक्कर मारून आला. "काही नाही, आई. तुझे गुडघे वाजत असतील."

वाजतात की. पण दोन्ही वाजतात. एकटा डावाच कशाला बोलेल?

गुरुवार, ६

गॅरेजात गेलो. तिथे रेडिओ इतका मोठा की फिटर गिऱ्हाइकाशी हातवारे करून बोलतो. त्याने गाडी वर उचलली, चाकं अधांतरी लोंबायला लागली. इकडे हलवलं, तिकडे ठोकलं. एक बारीक दांडी दाखवून म्हणाला, "ही लिंक सैल झालीय." नवी बसवली.

परत येताना फाटकाशी — कट्.

सामान नवं, आवाज जुना. आता मात्र माझं डोकं चालेना.

शनिवार, ८

जेवताना मुलगा म्हणाला, "आई, खरं सांग. तिने जाऊ नये असं वाटतं, म्हणून तर तुला हा आवाज ऐकू येतोय, असं नाही ना?"

चिडून विचारलं असतं तर चार सुनावले असते. मायेनं विचारलं, म्हणून लागलं.

तेव्हापासून विचार करतेय. ती जाऊ नये असं वाटतं, हे खरं. माझी नखं कोण कापणार? माझ्याशी भांडणार कोण? मग तो आवाज चाकातून येतो की माझ्या पोटातून? कान माझेच आहेत, पण ते कुणाच्या वतीने बोलतात, हे कसं कळावं?

इथे सूनबाईंचा पेन थांबला. लिही गं, म्हटलं. लिहिलं.

सोमवार, १०

सापडलं म्हणे. मला गाडीत चढायला ते छोटं लाकडी स्टूल लागतं ना, मी चढले की ते डिकीत टाकतात. म्हणजे मी गाडीत असले की स्टूल गाडीत, आणि मी नसले की नाही. मुलगा जग जिंकल्यासारखा ते डोक्यावर धरून आला. सगळे हसले. मीही हसले.

"अरे, पण स्टूल मागे आणि आवाज पुढून," मी म्हटलं.

"आवाज फिरतो, आई."

फिरत असेल बाई. स्टूल काढून, बाहेरच उभी असलेली गाडी मोठ्या सरळ रस्त्याने फिरवून आणली. गाडी चिडीचूप. हायसं वाटलं. मग वाईट वाटलं. मग, वाईट का वाटलं, याची लाज वाटली.

मंगळवार, ११

स्टूल घरात. मी गाडीत. फाटकाशी — कट्. या वहीबाहेर कुणाला बोलले नाही.

गुरुवार, १३

दोन दिवस तोंड शिवलंय. बोलले तर म्हातारी पोरीचा पाय ओढतेय. नाही बोलले तर पोरगी त्या चाकावर घाट उतरणार.

दवाखान्याच्या धुलाईखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. मोठ्या यंत्राचं काही बिघडलं की गोंगाटात कानाला कळायचं नाही. आम्ही बायका यंत्र चालू असताना बाहेरून तळवा टेकवायचो. तळव्याला कळायचं. तळव्याला कुणी नात नसते.

शुक्रवार, १४

नातीला म्हटलं, म्हातारीचा एवढा शेवटचा हट्ट पुरव. गॅरेजात गेले आणि आधी रेडिओ बंद करवला.

फिटरला म्हटलं, "आज गाडी उचलायची नाही. चाकं जमिनीवरच राहू देत. ही जागेवर स्टिअरिंग फिरवेल. तू डाव्या चाकाच्या आत हात टेकव."

"हात काळा होईल, आजी."

"माझा नाही ना होणार!"

हसत हसत खाली आडवा झाला. नातीने फिरवलं. त्याचं हसू गेलं. "पुन्हा फिरवा," म्हणाला. हात जरा सरकवला. "पुन्हा."

खालचा बॉल जॉइंट. चाक ज्यावर वळतं तो सांधा. काढून माझ्या हातात दिला, तर हलणाऱ्या दातासारखा डुगडुगत होता. "त्या दिवशी चाकं लोंबत होती, सांध्यावर भारच नव्हता, आणि मी लिंकच बघत बसलो," तो म्हणाला. "घाटात निखळला असता तर चाक आडवं झालं असतं." नवा सांधा बसवला.

नात जवळ आली. माझा हात धरून उभी राहिली. माझाही हात काळा झालाच शेवटी.

संध्याकाळी मुलाने स्टूल पुसून डिकीत ठेवलं. "ती तुला न्यायला येईल तेव्हा लागेल," म्हणाला. एवढंच.

रविवार, १६

गेली. ती फाटकातून वळली तेव्हा मी कान लावून उभी होते. काही वाजलं नाही.

आत आल्यावर सून म्हणाली, "आई, तो आवाज मलाही येत होता. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस गं?"

"मला वाटलं, तिने जाऊ नये म्हणूनच येतोय."

हे लिहू का, विचारते. लिही म्हटलं.