बर्फाच्या गाडीचं पुस्तक

बाबा,

आज एका पंपाची माहितीपुस्तिका भाषांतराला आली आहे, संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची आहे. अकराव्या पानावर चौकटीत एक ओळ आहे: पंप कोरडा चालवू नये. गेला तासभर मी त्या ओळीपाशी बसून आहे. माझं काम कधी उशिरा जात नाही, पण हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीलाही लागले नव्हते.

शारजातला तो महिना आठवतो. तुम्ही कामाला होतात ते वर्कशॉप बंद पडलं होतं, व्हिसा कॅन्सल झाला होता आणि नवा मिळवायला जेमतेम महिना हातात होता. बोटींच्या इंजिनांवर तुमचा हात बसलेला, तेव्हा तुम्हाला एकट्याला कुठेही काम मिळालं असतं. पण ते कुटुंब गावी ठेवून आठ जणांच्या खोलीत राहणाऱ्या 'बॅचलर'चं काम. बायको-मुलीचा व्हिसा द्यायला कोणी तयार नव्हतं. मी पंधरा वर्षांची होईपर्यंत तुम्हाला वर्षातून एक महिना पाहिलं होतं. सुटी संपली की तुमच्या बॅगेचा वास घरात राहायचा. अल नहदाच्या त्या एका खोलीत आपण तिघं एकत्र राहायला लागून दोनच वर्षं झाली होती. ती खोली तुम्हाला सोडायची नव्हती. आईला तर नव्हतीच.

म्हणून तुम्ही ती गाडी घेतलीत. कॅनडातून जुन्या मोटारींच्या कंटेनरमध्ये चुकून आलेली, बर्फावर चालवायची स्नोमोबाइल. पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, चाक एकही नाही. वाळवंटात पर्यटकांचा कॅम्प चालवणारा तो अरबाब, म्हणजे तिथला अरब मालक, तुमचा जुना गिऱ्हाईक. तो म्हणाला, "मिस्त्री, ये रेत में चलाके दिखाओ, बस. तुम्हारा व्हिसा, मॅडम का, बेटी का, सब मैं करेगा, इन्शाल्ला." कंपनीकडून मिळालेलं होतं नव्हतं ते तुम्ही त्या गाडीत घातलंत. घरी येऊन म्हणालात, "अगं, होडीचंच इंजिन आहे. दोरी ओढून चालू होतं. फक्त पाण्याऐवजी वाळू."

गाडी ओळखीच्या एका गॅरेजात उभी, पण कार्बुरेटर आपल्या स्वयंपाकघरात. मला ते अजून समोर दिसतं. तुम्ही ओट्यापाशी स्टुलावर बसला आहात, कढईत रॉकेल, रॉकेलमध्ये कार्बुरेटर. आई दारात उभी आहे, कंबरेवर हात ठेवून.

"माझ्या कढईत. उद्या आमटीत पिस्टन सोडा."

"तेवढीच चव येईल," तुम्ही म्हणता, आणि दोन आठवड्यांत आई पहिल्यांदा हसते.

माझं काम पुस्तक वाचायचं. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक, अर्धं इंग्रजी, अर्धं फ्रेंच. तुम्हाला इंजिन उघडता यायचं, इंग्रजी यायचं नाही. माझी बारावी झालेली होती. मी एकेक ओळ मराठीत सांगायची, तुम्ही मान हलवायची. पहिल्या दिवशी मी उत्साहात मध्येच म्हटलं, "बाबा, पण ही बर्फाची गाडी आहे, वाळूत तिचं..."

तुम्ही मान वर केली नाहीत. "बाय, मी वीस वर्षं इंजिनं उघडतोय. तू शाळेत इंग्रजी शिकलीस, इंजिन नाही. विचारलं तेवढं वाच."

एवढंच. आवाजही चढवला नव्हता. पण आईसमोर म्हणालात, आणि त्या वयात तेवढं पुरतं.

दोन दिवसांनी तुम्ही इंजिनाच्या बेल्टचं माप विचारलंत. ते शोधताना मला चौकट दिसली. बर्फ नसलेल्या जमिनीवर ही गाडी चालवू नये. पट्टा आतल्या ज्या रुळांवरून सरकतो, त्यांच्यावरचं प्लास्टिक बर्फानेच थंड राहतं. कोरड्यात ते वितळतं आणि पट्टा जाम होतो. मी ती ओळ दोनदा वाचली, मनात. तुम्ही विचारलंत, "पुढे?" मी बेल्टचं माप सांगितलं.

शुक्रवारी सकाळी आपण पिकनिकला निघाल्यासारखे निघालो. आईने घावणे केले होते, डब्यात चटणी होती. अरबाबने गाडी पिकअपमधून आधीच वाळवंटात आणून ठेवली होती. तुम्ही तिसऱ्यांदा दोरी ओढलीत आणि ती सुरू झाली. बाबा, ती खरंच चढली. टेकाड चढून वर गेली, वळली, खाली आली. अरबाब टाळ्या वाजवत होता, "यल्ला मिस्त्री, यल्ला!" आईने माझा दंड घट्ट धरला होता. तुम्ही दुसऱ्या टेकाडाकडे वळलात. मी आईकडे पाहिलं नाही, वाळूकडे पाहत राहिले, आणि जळक्या प्लास्टिकचा वास आधी मला आला.

पट्टा अडकला तो अडकलाच. इंजिन गुरगुरून बंद पडलं. तुम्ही वाळूत आडवे होऊन खाली हात घातलात, तो पोळला तसा मागे घेतलात. बोटांना काळं प्लास्टिक चिकटलं होतं. मग उठून बसलात आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "यावर पाणी सोडायला हवं होतं. एक डबा बांधून थेंबथेंब सोडलं असतं तरी चाललं असतं." तेवढ्यात ते तुम्हाला सुचलंसुद्धा. मग माझ्याकडे पाहिलंत. "बाय, पुस्तकात याचं काही होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

अरबाब वाईट माणूस नव्हता. तुम्हाला पाण्याची बाटली दिली, खांद्यावर हात ठेवला. "खलास, मिस्त्री." तुम्ही आणखी एक संधी मागितलीत, दोनदा. हात जोडताना मी तुम्हाला तोवर देवासमोरच पाहिलं होतं. त्याला विमानाला जायचं होतं. घावणे आपण तसेच परत आणले.

आम्ही दोघी गावी आलो, तुम्ही बॅचलरच्या खोलीत गेलात. पुन्हा वर्षाचा एक महिना. असे चार महिने मिळाले, म्हणजे चार वर्षं, आणि मग तुमच्याऐवजी पेटी आली. त्या चार वर्षांत फोनवर तो विषय कितीदा निघाला. तुम्ही कोणावर चिडत नव्हतात. एवढंच म्हणायचात, "त्या कॅनडावाल्यांनी एक ओळ लिहायला हवी होती गं. एवढं मोठं पुस्तक, एक ओळ नाही?" पलीकडे खोलीतली माणसं हसत बोलत असायची, कुणीतरी तुम्हाला जेवायला हाक मारायचं. मी म्हणायचे, "हो ना, बाबा."

पावणेपाच झाले. पंपाची पुस्तिका पाचला जाईल, चौकट जाड अक्षरांत. हे पत्र कुठे जायचं नाही. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की तुमचा हुरूप मोडवेना म्हणून मी ती ओळ वाचली नाही. आईलाही एकदा तसंच सांगितलं, आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. ते खरं नाही, बाबा. दोन दिवस मी तुमच्यावर रुसले होते. तुम्ही बेल्टचं माप विचारलं होतंत, मी तेवढंच वाचलं.