गुडघे टेकण्याचं गणित

अब्बा, आज एका डॉक्टरांनी मला विचारलं, तुमच्या कम्प्युटर मॉडेलमध्ये गुडघे टेकणं आलं कुठून? मी म्हटलं, घरातून. त्यांना तो विनोद वाटला.

नव्वदच्या दशकातली आपली ती वर्षं. बेलापूरचा फ्लॅट, स्वयंपाकघरात बांगड्याच्या आमटीचा वास, आणि शाळेतून रिटायर झालेले हेडमास्तर, म्हणजे तुम्ही, ओटा धरून उठताय. मी कृत्रिम गुडघे बनवणाऱ्या कंपनीत होते. हाडात बसवलेली धातूची तबकडी माणूस चालताना किती हलते, हे कम्प्युटरवर काढायचं माझं काम. फार हलली तर हाड तिला धरत नाही, ती सैल होते. आमचे आकडे परदेशातून आलेले, चालण्याचे आणि जिना चढण्याचे. मोठ्या कौतुकाने तुम्हाला दाखवले, तर तुम्ही चष्मा वर सारलात. "यात खाली कोनीच बसत नाय? ही मानसं नमाज कुठं पढतात, जेवतात कुठं?" आमचं अख्खं ऑफिस घरी मांडी घालून जेवणारं, पण कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मला राग आला, कारण तुमचं बरोबर होतं.

मग टेकलेल्या गुडघ्यावर किती भार येतो ते बघायला मी वजनकाटा आणला. म्हटलं, यावर गुडघा टेकून सजदा करून दाखवा. "नमाजचं नाटक करत नसतात," म्हणालात आणि पेपर उघडलात. अम्मीने तुमची चप्पल पायाने पलंगाखाली सरकवली. "घ्या, आता शोधा." तुमचा गुडघा काट्यावर, हात पलंगाखाली, तोंडाने कुरकूर चालू, मी आकडा वाचतेय, अम्मी पदर तोंडाला लावून हसतेय. अब्बा, मला ती दुपार परत हवी आहे. दुसरं काही नको.

दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा ऑपरेशनला तयार झालात. कपाळ पुन्हा जमिनीला टेकता यावं, एवढंच मागणं होतं तुमचं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणाले, गुडघे टेकू नका, तबकडी सैल होईल. मी म्हटलं, थांबा, माझं मॉडेल होऊ दे, मग सांगते. तुम्ही थांबलात. नव्या गुडघ्यांनी तुम्हाला फिरायला जाताना बघून सोसायटीतले वाहवा करायचे, पण खुर्चीवर नमाज पढताना तुमचा चेहरा मी बघायचे. दर जुम्म्याला टोपी काढता काढता तुमचा प्रश्न ठरलेला, "झालं का गो तुजं?" मी खेकसायचे, "कम्प्युटर आहे अब्बा, कुकर नाही." तेव्हाची मशीन शनिवारी लावली की सोमवारपर्यंत घरघरत राहायची, आणि बरेचदा मध्येच बंद पडलेली सापडायची.

उत्तर आलं ते तुम्ही गेल्यानंतर. हाडाने तबकडी नीट धरली असेल आणि खाली जाड गादी असेल, तर तुमच्या वजनाला घटकाभर गुडघे टेकणं चाललं असतं. कुठे चूक सापडते का म्हणून मी सगळं पुन्हा तपासलं. तबकडी जागची हलली नाही. ऑफिसात पेढे वाटले, मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

हे पत्र कुठे पाठवू? कपाटातच ठेवीन, पण अम्मीच्या हाती लागणार नाही अशा जागी. ती अजून कधीतरी विचारते, "त्यांना चाललं असतं का गो?" आणि मी सांगते, काम अजून चालू आहे.