गोव्याला न गेलेलं धोतर

गुरुजी, तुमच्या धोतराविषयी एक गंभीर तक्रार आहे. सोळा वर्षं ते माझ्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात निमूट पडून होतं. गेल्या महिन्यात आपल्या सरकारने त्याला निषिद्ध माल ठरवलं. तुमच्यावर पूर्वी सरकारची नजर असायची, पण ते सरकार गोऱ्यांचं होतं. आता स्वराज्य आलं आणि त्याची वक्रदृष्टी वळली ती थेट तुमच्या नेसूच्या वस्त्रावर. गोव्याला काय पाठवायचं नाही, त्या यादीत सूत, कापड, कांदे, बटाटे अशा प्रतिष्ठित मंडळींच्या पंगतीला तुमचं चार ठिकाणी विरलेलं धोतर जाऊन बसलं आहे. एवढा मान आपल्या पाठशाळेने तुम्हाला कधी दिला नव्हता.

पण तुम्ही गेल्यानंतरचं तुम्हाला कोण सांगणार, म्हणून नीट सांगतो. इंग्रज गेले. पोर्तुगीज मात्र तुमच्या गोव्यातून हलायला तयार नाहीत, म्हणून आपल्या सरकारने तिकडे माल धाडणं बंद केलं आहे. बंदी योग्यच आहे, असं शाळेच्या सभेत मीच बोललो, संस्कृत सुभाषितांची फोडणी देऊन. टाळ्या पडल्या. आणि माझी मुलगी, जिला चार वर्षांची असताना मांडीवर घेऊन तुम्ही म्हणाला होता की हिचा आवाज पाठांतराला चांगला आहे, ती गोव्याला तुमच्याच घरी दिली आहे, तुमच्या धाकट्या भावाच्या नातवाला. वर्ध्याची पोर इतक्या लांब कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. तुमच्या घराशी नातं जोडायची हौस माझी एकट्याची होती. आता तिचं पहिलं बाळंतपण. सातव्या महिन्यात तिला आणायला मी जाणार होतो. त्याआधीच गाडी बंद झाली, आणि परवान्याच्या अर्जाला अजून उत्तर नाही.

तिला येता येत नाही, तर निदान धोतर जावं, असं हिच्या, म्हणजे पोरीच्या आईच्या, मनाने घेतलं. आमच्याकडे जन्मल्याबरोबर बाळाला नव्या कापडात गुंडाळत नाहीत. पुष्कळ जगलेल्या माणसाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं वस्त्र लागतं. तुम्ही एक्याऐंशी वर्षं जगलात आणि ते सूत तुम्ही स्वतःच्या हातांनी काढलेलं. ते देताना तुम्ही काय म्हणालात तेही मला आठवतं. खाटेवर पडून आहात, बोलताना धाप लागते आहे, आणि मला सांगता आहात, "हे फाड आणि पोथ्यांना बासन कर." मी हो म्हणालो. पण कात्री लावायचा धीर झाला नाही. तुमचा शब्द न पाळल्याची ही एकच वेळ, आणि तीच नेमकी नडली.

पोस्टात फॉर्म भरायचा होता. पुडक्यात काय आहे, या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहिलं, "जुने धोतर, नग एक." खिडकीतला कारकून माझाच विद्यार्थी, शब्दरूपं चुकवण्यात कायम पहिला. त्याने फॉर्म वाचला आणि कपाळाला हात लावला.

"गुरुजी, हे काऊन लिहिलं? कापड नाई जात गोव्याले."

"धोतर आहे म्हणून धोतर लिहिलं."

"अजी, एखादी पोथी घ्याची, तिले हे गुंडाळाचं, अन् वर लिहाचं पोथी. बासन कोन पाह्यते?" मग आवाज उतरवून, "दुसरा कागद देऊ का?"

आणि मला, गुरुजी, चौकातली ती होळी आठवली. विलायती कापडाचा ढीग पेटला आहे, मी तेरा वर्षांचा, मामाने मुंबईहून आणलेली मखमली टोपी सदऱ्याखाली दडवून उभा. तुम्ही गर्दीतून सरळ माझ्याकडे येता, हात पुढे करता. मी रडवेला होऊन सांगतो की ही मामाने दिली आहे. तुम्ही म्हणता, "नियमाला मामा नसतो." टोपी जळली. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः शिवलेली खादीची टोपी मला दिलीत. ती कानांवरून नाकापर्यंत उतरायची. दोन वर्षं मी जग त्या टोपीच्या काठाखालून पाहिलं.

तेव्हा खिडकीपाशी मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "नियमाला मामा नसतो."

"मामा नसन," तो म्हणाला, "पन तुम्ही तं आजोबा होऊन राह्यले ना!"

मागचे लोक हसले. मी पुडकं काखेत मारून घरी आलो. हिने ते पाहिलं, सगळी हकिगत ऐकून घेतली, आणि एवढंच विचारलं, "मग, पोचलं का तुमचं खरं बोलणं गोव्याला?" त्या दिवसापासून ही माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलते. केळझरच्या गणपतीला नवस बोलून आली, तेही मला शेजारणीकडून कळलं. गणपतीला परवाना लागत नाही, असा विनोद मी केला. कुणी हसलं नाही.

आता तुम्हाला जे सांगायला नको होतं ते सांगतो. चौथ्या दिवशी मी माझी जुनी पोथी तुमच्या धोतरात गुंडाळली, वर "पोथी" लिहिलं, आणि मान खाली घालून त्याच खिडकीशी गेलो. त्याने पुडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. थट्टा केली असती तर बरं झालं असतं. "आता तिकडचं पार्सलच घेनं बंद झालं, गुरुजी," तो म्हणाला. "कालपासून. परवा आले असते तं..." आणि वाक्य तसंच सोडून त्याने शिक्का उचलून दुसऱ्याच्या पाकिटावर मारला.

म्हणजे नियमही मोडला आणि धोतरही इथेच. पुलगावच्या गिरणीचे तागे मालगाडीत चढताना दिसले की मला वाटतं, एवढं कापड जगभर जातं आणि मला एका बाळापुरतं पाठवता येत नाही. पण गुरुजी, धोतराचं मी उगाच लांबवतो आहे. बाळाला काय, तिकडेही कुणाचं तरी जुनं लुगडं मिळालं असेल.

हे पत्र टाकायचं नाहीच, याच धोतराच्या घडीत ठेवणार आहे. हिचं पहिलं बाळंतपण तीन दिवस अडलं होतं आणि ते मूल हाती लागलं नाही. पोरीची अंगलट आईची आहे, असं सुईण लग्नाआधीच म्हणाली होती. आमच्या हिशेबाने तिचे दिवस भरून पंधरवडा झाला. सहा आठवड्यांत तिकडून एक ओळ नाही. तिचं काय झालं ते माझ्याआधी तुम्हाला कळलं असेल, याची मला भीती वाटते.