पत्रिका नको, रिपोर्ट आणा

४ जानेवारी, रविवार
हैदराबादेत अंबरपेठच्या विहारात युवकांसमोर माझं भाषण. विषय मीच निवडला: लग्नाआधी दोघांची एचआयव्ही टेस्ट. आपण बौद्ध, पत्रिका बघत नाही, मग रिपोर्ट बघा! पोरं खाली माना घालून हसत होती. संताप आला. बीटेक झालेली गाढवं! हेमंत तर ‘कंडोम’ ऐकून पाणी प्यायलाच उठला. त्याला सगळ्यांसमोर झापलं. दीक्षा, माझी होणारी बायको, एकटीच लिहून घेत होती. अभिमान वाटला.

६ जानेवारी
दीक्षाचा फोन. तिने टेस्ट केली, निगेटिव्ह. आता माझा रिपोर्ट मागते, अठराच्या साखरपुड्याआधी. माझा? अरे, भाषण समाजासाठी असतं!

७ जानेवारी
मी घाबरत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. आधी विश्वास, मग रक्त. तिला ठणकावून सांगितलं. तर म्हणे, कायकू चिडायलास? मी चिडलेलो नाही!!

९ जानेवारी
जाणार. फायनल. पण अंबरपेठेत नको, तिथल्या लॅबमधली शोभामावशी आईच्या ओळखीची. हिमायतनगर बरं.
संध्याकाळी: लॅबसमोर चहा पिऊन परत. आत गर्दी होती. लोकांना कामधंदे नाहीत.

१२ जानेवारी
आत गेलो, तर रांगेत हेमंत! ओरडूनच म्हणाला, भैया, तुमचं भाषण ऐकून आलो, तुमी बी त्याच टेस्टला का? अख्खी लॅब वळली. अकलेचा कांदा! मी म्हटलं, शुगर. काउंटरवरच्या मुलीने शुगरचीच पावती फाडली. करतो काय, रक्त दिलं.

१३ जानेवारी
शुगर नॉर्मल. दीक्षाला रिपोर्ट पाठवला. शेवटी रक्त तेच ना?

१५ जानेवारी
दीक्षा घरी आली. आईबाबांसमोर म्हणाली, गोड खायला ह्याला हरकत नाही, लग्नाला मात्र माझी आहे. आई शिऱ्याची बशी धरून उभीच. बाबांनी कारण विचारलं. म्हणाली, ‘भीती वाटते’ एवढंही ज्याला माझ्याशी बोलता येत नाही, त्याच्याशी पुढचं सगळं कसं बोलू? मी ओरडलो, पोरींना नको तेवढं शिकवलं की असं होतं! बाबा म्हणाले, तूच शिकवलंस.

१८ जानेवारी, रविवार
आज साखरपुडा व्हायचा होता. हेमंत आला, काही न विचारता हाताला धरून लॅबमध्ये घेऊन गेला. सुई टोचताना मी डोळे मिटले.
संध्याकाळी रिपोर्ट आला. निगेटिव्ह. दीक्षाला पाठवायला फोन काढला. पण तिने आता मागितलेलाच नाही. हेमंतला पाठवला.