हौसाच्या जागी चढलेल्या बायजेला

बाळ बायजे,

आज तुझी ताई हौसा दुसरी पास झाली. तुझ्या मायनं डोळे पुसत माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मला तो गिळवेना. म्हणून तुला लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. ते कुणामुळं, तेही ठाऊक आहे.

निजाम सरकारच्या शाळेतला मी मास्तर. हिमरूच्या नक्षीदार कापडाच्या मागावर राबणारी लेकरं खाम नदीकाठच्या झोपड्यांतून शाळेत आणायची, ही माझी खोड. मेंढरं मेली, गाव सुटलं, आता एका पोरीचं तरी भलं कर, असं तुझ्या मायला किती समजावलं! हौसाला हाताला धरून नेलं तेव्हा तू दारात उभी राहून हसत होतीस. तालीमात म्हणजे शिक्षणखात्याच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी केवढा फुगलो होतो!

पण हौसाची जागा कोण भरणार, हे विचारायचं मला सुचलंच नाही गं. विणकर खाली बसतो आणि वरच्या फळीवरून पोर नक्षीच्या दोऱ्या ओढतं. फळी रिकामी तर माग बंद. म्हणून एक पोर उतरलं की त्याच घरातलं दुसरं चढतं, हा कारखान्याचा रिवाज. सगळ्या वस्तीला माहीत होता. मी तेवढा शिकलेला!

तू सहा वर्षांची चढलीस. पुढच्या वर्षी तुलाही नेतो, म्हणालो होतो. "मंग माझ्या जागी गंगी बसंल व्हय?" धाकट्या बहिणीकडं बघत तू विचारलंस. मी हसलो. का हसलो असेन?

गेल्या महिन्यात तुला डुलकी लागली. पडलीस तर ताण्यावर पडू नको, धागे तुटतील, असं कारखान्याच्या उस्तादांनी सांगून ठेवलं होतं. तोल जातानाही तू अंग बाहेर फेकलंस, दगडी फरशीवर, आणि तिथंच गेलीस. एक धागा तुटला नाही. उस्तादांनी हे मला कौतुकानं सांगितलं. इतकं ऐकायचं असतं का गं मोठ्यांचं?

आज माय गेल्यावर हौसा मागं थांबली. म्हणाली, "गुरुजी, गंगी चढलीय वर. लई बारकी हाय ती. मला नाय शिकायचं. मी जाते, तिला उतरवते."

मी तडक कारखान्यात गेलो. गंगीला सोडा म्हणून उस्तादांवर ओरडलो. ते वरच्या फळीकडं बोट दाखवून शांतपणे म्हणाले, "मास्टरसाब, तख्ता खाली नै रहता. तुमारी सुमन कू बिठाव, गंगी कू लेके जाव."

सुमन माझी लेक. तुझ्याच वयाची. मान खाली घालून घरी आलो.

उद्या हौसा पाटी ठेवून वर चढेल. मी अडवणार नाही. बायजे, एवढं वचन देतो: यापुढं कुणाच्या दारात गेलो तर आधी विचारेन, हिच्या जागी कोण? दुसऱ्या लेकराचं नाव आलं तर परत फिरेन. माझ्या सुमनचं नाव मात्र तेव्हाही मी घेणार नाही.

तुझ्या ताईचा मास्तर