दिपोटीसाहेबांपुढे निषेधाची तेरा कडवी

४ फेब्रुवारी १९४६, सोमवार
वरून हुकूम आला. यंदा चौथीला साऱ्या तालुक्यात एकच छापील पेपर. निम्म्याहून जास्त पोरं नापास झाली, तर मास्तराची बदली तिसगावहून थेट भंडारदऱ्याला! माझ्या वर्गाची तयारी उत्तम आहे, फक्त अभ्यास राहिलाय. पण प्रश्न तत्त्वाचा आहे. दिपोटीसाहेब शाळा तपासायला येतील तेव्हा आम्ही मास्तर गाऊन निषेध करणार. पेटीवर मी, ढोलकीवर रज्जाक मास्तर, झांजा कारभारी मास्तरांकडे.

६ फेब्रुवारी
लिडियाला सांगितलं. म्हणाली, त्यापेक्षा पोरांना भागाकार शिकवा. बायको गुणी आहे, पण संगीतातलं तिला कळत नाही. चर्चमध्ये मी पेटीला बसलो की लोक डोळे मिटून घेतात.

११ फेब्रुवारी
गाणं तयार. तेरा कडवी! पोरांसमोर रोज तालीम. गणिताचा तास त्यात जातो, इलाज नाही. कारभारी मास्तर म्हणतात, लई लांब हाय. जळतात.

२० फेब्रुवारी
रज्जाक मास्तर म्हणतात, सूर लागत न्हाई. पेटीच्या दोन पट्ट्या मुक्या आहेत, हे खरं. त्या मी मनात वाजवतो.

१ मार्च, संध्याकाळी
जिंकलो! ‘एका मापानं पोरं मोजू नका’ असं पेटीचा भाता फाटेस्तोवर गायलो. तपासणीचं पहिलं गाणं नेहमी स्वागताचं असतं, म्हणून कारभारी मास्तरांनी दुसऱ्या कडव्यालाच सवयीनं साहेबांना हार घातला. घोटाळाच! पण शेवटी साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. रज्जाक मास्तर म्हणतात, जांभयांनी आलं.

९ मार्च
साहेबांचं पत्र. स्वागतगीत आवडलं म्हणे! पेटीपुढे शब्द ऐकूच गेले नाहीत की काय? छापील पेपर कायम. शिवाय मास्तरांची गाण्याची आवड पाहून मास्तरांसाठी गायनाची परीक्षा, साऱ्या तालुक्याला एकच. रज्जाक मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. असो. त्या परीक्षेत पहिला मीच.

२७ एप्रिल
गायन: रज्जाक मास्तर ७२, कारभारी मास्तर ५८, मी ११.
वर्ग: बेचाळीसपैकी सव्वीस नापास.

३० एप्रिल
बदलीचा हुकूम हातात. सामान बांधलं, पेटीही गोणपाटात गेली. पोरं निरोपाला आली आणि तेच गाणं म्हणाली. नापास झालेलीसुद्धा. तेराही कडवी तोंडपाठ! शब्द न् शब्द ऐकू आला. मला रडू आवरेना.
चाल जरा वेगळी वाटली. बहुधा तीच बरोबर असावी.