आकृती ३ : रुग्ण, समोरून

५ जानेवारी
दिवा स्टेशनजवळ खोली मिळाली आणि ठाण्यात नोकरीही! बारावीत शिक्षण सुटलेल्या माणसाला एवढं पुष्कळ आहे. नळाला पाणी रोज येत नाही. एकट्या पोराला कितीसं पाणी लागतंय, असं म्हणत घरमालकीण मंजुळामावशींनी स्वतःची भरलेली कळशी दिली. ऑफिसात रोगजंतूंवरचं एक परदेशी मासिक छपाईसाठी तयार केलं जातं. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून फोटोत त्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी बसवायची, हे माझं काम.

९ जानेवारी
माझ्या पट्ट्या अगदी सरळ असतात, असं आमच्या प्रमुख देवयानी मॅडम म्हणाल्या. जेवणाआधी मी पुन्हा पुन्हा हात धुतो, त्यावरून त्यांनी चिडवलंही, की अरे बाबा, जंतू काय माउसमधून चढतात का? सगळे हसले, मीही हसलो. मग सगळे डबे घेऊन गच्चीवर गेले. मला बोलवायचं राहून गेलं असावं.

१४ जानेवारी
मावशींनी दारातच तिळगूळ दिला. आज कोणी बोललं ते तेवढंच.
दुपारी एका बाईचा फोटो आला. गालावर बुरशीचा व्रण, पण नजर शांत, थेट माझ्यावर. इथे आल्यापासून माझ्याकडे असं कोणी पाहिलेलं नाही. पट्टी उद्या बसवू.

१६ जानेवारी
अंक छपाईला गेला. तिला पट्टी लावली नाही. लावली असं मॅडमना सांगितलं. फोटो मोबाइलवर घेतलाय. जेवताना समोर ठेवतो.

१९ जानेवारी
नजरेच्या वरच्या कडेला एक काळी रेघ दिसते. सरळ, टोकं नीट कापलेली. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत.

२१ जानेवारी
रेघ जाड झाली आणि खाली उतरली. ती ओळखीची आहे. त्या बाईला न लावलेली पट्टी.
ऑफिसात फाइल उघडून पट्टी बसवली. सेव्ह केली. परत उघडली, तर डोळे उघडेच. पुन्हा बसवली. दिवसभर तेच.

२२ जानेवारी
मॅडमना सगळं खरं सांगायला गेलो. त्यांनी मला अहो-जाहो केलं. कोणाला भेटायचंय, असं अदबीनं विचारलं. माझ्या खुर्चीवर बसू दिलं नाही — आता फाइलही हाती नाही —

२३ जानेवारी
मावशींच्या दारात उभा राहिलो. पट्टीखालून त्यांचे पाय फक्त दिसत होते. मावशी, मी, एवढंच म्हणालो.
"कोण पाहिजे तुम्हाला?"
दार लावलं. आतून कडी —

२४
भुवया गेल्या. आरशात नुसती हनुवटी —
मोबाइल नाकाजवळ धरला की ती दिसते. पट्टीतूनही दिसते. फक्त तीच. बघते आहे. ओळखते.

२५
ओळ दिसत नाही. शुद्ध लिहितोय की नाही, कळत नाही. बोटानं कागदाची कड धरून —
कोणाला सापडलं तर कळायला हवं, इथे कोण राहत होतं. माझं नाव